रक्त पोचलं, बुद्धीचं काय?

‘मेंदूला रक्त कमी पडतंय’ हे वाक्य महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांनी कधी ना कधी ऐकलेलं असतं. आजोबा पुतण्याचं नाव विसरले, आजीनं दूधवाल्याला दोनदा पैसे दिले, की फॅमिली डॉक्टर हे वाक्य उच्चारतात आणि मानेची डॉप्लर सोनोग्राफी करून आणायला सांगतात. वय झालेल्या, मधुमेह आणि रक्तदाब असलेल्या माणसाच्या रिपोर्टमध्ये काहीतरी निघतंच. ‘डाव्या कॅरोटिड धमनीत ७० टक्के अडथळा’ असं वाचलं की घरच्यांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: हा ब्लॉक काढला तर विसरणं थांबेल ना? काकांची अँजिओप्लास्टी झाली आणि ते जिना चढायला लागले. मग मेंदूच्या बाबतीत तसंच का होऊ नये?

प्रश्न वेडगळ नाही. जगातल्या उत्तमोत्तम न्यूरॉलॉजिस्टांनी आणि सर्जनांनी तो गेली पंचाहत्तर वर्षं विचारलाय, त्यासाठी सूक्ष्मदर्शकाखाली केसाहून बारीक टाके घातलेत, आणि शेवटी मिळालेलं उत्तर मुकाट्यानं गिळलंय.

आधी थोडं शरीराचं गणित. मेंदूचं वजन शरीराच्या दोन टक्के, पण शरीर वापरतं त्या प्राणवायूचा जवळजवळ पाचवा हिस्सा त्याला लागतो. शंभर ग्रॅम मेंदूला मिनिटाला साधारण ५० मिलिलिटर रक्त मिळतं. ते २०च्या खाली गेलं की पेशी काम थांबवतात, १०च्या आसपास आलं की मरायला लागतात. मात्र ५० आणि २० यांच्यामध्ये बराच मोठा पट्टा आहे, आणि आपला सगळा विषय त्या पट्ट्यातला आहे. तिथे पेशी मेलेली नसते, पण ती धड काम करते का? नाव आठवायला एक क्षण जास्त लागतो, हिशेब चुकतो, माणूस चिडचिडा होतो, ते यामुळेच का? आणि रक्त वाढवलं तर ती पेशी पुन्हा पहिल्यासारखी होते का?

निसर्गानं इथे बरीच सोय करून ठेवली आहे. मेंदूच्या तळाशी धमन्यांचं एक कडं आहे. एक वाट बंद झाली तर दुसरीकडून रक्त वळतं. थॉमस विलिस या इंग्रज वैद्यानं १६६४मध्ये त्याचं वर्णन केलं. त्या ग्रंथातली चित्रं क्रिस्टोफर रेननं काढली होती, ज्यानं पुढे लंडनचं सेंट पॉल कॅथीड्रल बांधलं. विलिसनं एका मृत माणसाची हकिगत दिली आहे: एका बाजूची कॅरोटिड जवळजवळ पूर्ण बंद, पण त्याला हयातीत अर्धांगवायू झालेला नव्हता, कारण त्याच बाजूची मणक्यातून वर जाणारी धमनी फुगून मोठी झाली होती. कुणाला पर्यायी वाट मिळते, कुणाला मिळत नाही. रिपोर्टमधल्या टक्केवारीवरून हे कळत नाही.

आता मॉन्ट्रियल. चार्ल्स मिलर फिशर हा कॅनडाचा न्यूरॉलॉजिस्ट दुसऱ्या महायुद्धात नौदलात डॉक्टर होता. त्याचं जहाज बुडालं आणि त्यानं जर्मनीत साडेतीन वर्षं युद्धकैदी म्हणून काढली. परत आल्यावर मॉन्ट्रियलमध्ये तो पक्षाघाताच्या मागे लागला. त्या काळी पक्षाघात म्हणजे डोक्याच्या आतल्या रक्तवाहिनीचा बिघाड, असा सर्वसाधारण समज होता. शवविच्छेदनात मेंदू काढून तपासायचे, हृदय तपासायचे, मधली मान मात्र कुणी उघडत नसे. अशात एका पेशंटनं फिशरला सांगितलं की हातपाय लुळे पडण्याआधी त्याच्या एका डोळ्यापुढे अंधारी येऊन जायची, आणि तो डोळा लुळ्या बाजूचा नव्हता, विरुद्ध बाजूचा होता. डोळा आणि त्याच बाजूचा अर्धा मेंदू या दोघांना रक्त पुरवणारी वाट एकच: मानेतली कॅरोटिड. फिशरनं माना उघडायला सुरुवात केली, आणि तिथे बंद पडलेल्या धमन्या सापडायला लागल्या.

१९५१मध्ये त्यानं हे प्रसिद्ध केलं आणि त्यातच असंही लिहिलं की एक दिवस शल्यचिकित्सा या बंद भागाला वळसा घालून रक्त पुढे नेऊ शकेल. हा निबंध वैद्यकाच्या इतिहासात अजरामर आहे. पण त्याच वर्षी त्याच माणसानं कॅनडाच्या वैद्यकीय मासिकात आणखी एक लेख लिहिला होता, ज्याची आठवण फारशी निघत नाही. त्याचा विषय होता वार्धक्यातला बुद्धिभ्रंश आणि त्याचं एक नवं कारण. कारण म्हणजे मानेतल्या या बंद धमन्या. म्हणजे ज्या क्षणी कॅरोटिडचा आजार वैद्यकाला नीट दिसला, त्याच क्षणी ‘रक्त पोचवलं तर बुद्धी परत येईल’ ही आशाही जन्माला आली. पहिला अंदाज सोळा आणे खरा ठरला. दुसऱ्याची कहाणी लांबली.

ऑपरेशन यायला वेळ लागला नाही. मे १९५४मध्ये लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलात ईस्टकॉट, पिकरिंग आणि रॉब यांनी एका बाईच्या मानेतला धमनीचा रोगट तुकडा काढून दोन टोकं जोडली. पक्षाघाताचे छोटे छोटे झटके तिला पुन्हा पुन्हा येत होते. मेंदूची रक्ताची गरज कमी व्हावी म्हणून तिचं शरीर थंड करून घेतलं होतं. त्याच्या आदल्याच वर्षी ह्यूस्टनमध्ये मायकेल डिबेकी यांनी एका बस ड्रायव्हरच्या धमनीतला थर खरवडून काढला होता, पण ते त्यांनी जाहीर केलं बऱ्याच वर्षांनी. पुढे हे खरवडणंच रूढ झालं. त्याचं नाव एंडार्टरेक्टमी.

याचा खरा हिशेब १९९१मध्ये लागला. हेन्री बार्नेट यांच्या नेतृत्वाखाली उत्तर अमेरिकेत चाचणी झाली. ७० टक्क्यांहून जास्त अडथळा आणि नुकताच येऊन गेलेला झटका, अशा ६५९ पेशंटांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं दोन गटांत विभागलं. दोन वर्षांत त्या बाजूचा पक्षाघात झाला नुसत्या औषधांवर असलेल्या २६ टक्क्यांना, ऑपरेशन झालेल्या ९ टक्क्यांना. वैद्यकात इतका लखलखीत फरक क्वचितच दिसतो. झटका येऊन गेलाय आणि अडथळा मोठा आहे, तर ऑपरेशन करून घ्यावं, आणि लवकर घ्यावं, यावर आज फारसा वाद नाही.

पण हे यश मोजलं गेलं ते पक्षाघात आणि मृत्यू या दोन मापांनी. हात उचलता येतो, बोलता येतं, जिवंत आहे: पेशंट ठणठणीत. त्याला दुकानाचा हिशेब पूर्वीसारखा जमतो का, नातवाला गोष्ट सांगताना धागा सुटतो का, हे या मोठमोठ्या चाचण्यांचं मुख्य माप कधीच नव्हतं. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली खरी खोट ती आहे. पक्षाघात मोजायला सोपा म्हणून तो मोजला.

ऑपरेशनच्या टेबलाजवळ जरा उभं राहू. मानेच्या बाजूला स्नायूच्या कडेनं चीर घेतात. कॅरोटिड जिथे दुभंगते, एक फांदी चेहऱ्याकडे आणि एक मेंदूकडे, तिथेच थर साचलेला असतो. खाली आणि वर चिमटे लावून रक्त थांबवायचं, धमनी उभी चिरायची, पिवळसर, कुठे चुन्यासारखा कडक, कुठे मऊ ठिसूळ असा थर अलगद सोलून काढायचा, आणि बारीक धाग्यानं पुन्हा शिवायचं. बहुतेक वेळा तोंड अरुंद होऊ नये म्हणून एक ठिगळ लावून. चिमटे लागलेले असताना मेंदूची ती बाजू विलिसच्या कड्यावर जगते. ते पुरेसं आहे का, हे कसं ओळखायचं? अनेक ठिकाणी पेशंटला पूर्ण भूल देतच नाहीत. मान फक्त बधिर करतात, आणि विरुद्ध बाजूच्या हातात पिळल्यावर चीं करणारं रबरी खेळणं देतात. डॉक्टर मधूनमधून म्हणतात, ‘पिळा.’ चीं आवाज आला की काम चालू. आवाज आला नाही, किंवा पेशंट असंबद्ध बोलायला लागला, की धावपळ करून चिमट्याला वळसा घालणारी नळी धमनीत बसवायची. पूर्ण भूल बरी की अशी अर्धी, याचीही ३,५२६ पेशंटांवर चाचणी झाली, २००८मध्ये. फरक निघाला नाही.

या तास-दोन तासांत मेंदूवर परस्परविरोधी गोष्टी घडत असतात. काही मिनिटं रक्त कमी पडतं. थर सोलताना त्याचे कण सुटून वर जातात. डोक्याला अल्ट्रासाऊंडचं यंत्र लावलं तर ते चिवचिवल्यासारखे ऐकूही येतात. आणि चिमटे काढले की वर्षानुवर्षं कमी दाबाची सवय झालेल्या मेंदूत एकदम भरपूर रक्त घुसतं. त्या बाजूच्या बारीक वाहिन्या आधीच पूर्ण सैल पडलेल्या असतात, त्यांना आकसून दाब आवरता येत नाही. काहींना मग प्रचंड डोकेदुखी, फिट, क्वचित रक्तस्रावही होतो. जपानमधल्या मोरिओका इथे कुनिआकी ओगासावारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बरीच वर्षं दाखवून दिलं की रक्तस्राव झाला नाही, पेशंट वरकरणी चालताबोलता घरी गेला, तरी या अतिप्रवाहानंतर काहींची बुद्धी मोजण्याइतकी खाली येते.

आणि काहींची वरही येते. त्यामुळेच हा विषय गोंधळाचा झालाय. ऑपरेशन झालेल्या शंभर जणांची सरासरी काढली तर बदल शून्याच्या आसपास दिसतो, कारण काहींचं सुधारणं आणि काहींचं ढासळणं एकमेकांना खाऊन टाकतं.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात एरिक हेयर या भूलतज्ज्ञांनी एक साधी पण हुशार गोष्ट केली. एंडार्टरेक्टमीच्या पेशंटांची तुलना त्यांनी कण्याचं ऑपरेशन झालेल्या, त्याच वयाच्या माणसांशी केली. भूल दोघांना, इस्पितळाचा ताण दोघांना, वेदनाशामकं दोघांना. मेंदूच्या रक्ताशी खेळ फक्त एका गटात. तरी कॅरोटिडच्या गटात साधारण चौघांतल्या एकाच्या बुद्धीच्या चाचण्या सुरुवातीच्या दिवसांत घसरलेल्या निघाल्या. पंचाहत्तरीपुढचे आणि मधुमेही यांना धोका जास्त. मधुमेह घरोघरी असलेल्या आपल्यासारख्या प्रदेशात हे वाक्य अधोरेखित करण्यासारखं आहे. यातले बरेच जण पुढे सावरतात. पण पहिल्या महिन्यात ‘बाबा ऑपरेशननंतर कसेसेच झालेत’ असं म्हणणारी सून खोटं बोलत नसते, आणि ‘वयच झालंय हो’ हे तिला मिळणारं उत्तर आळशी असतं.

तुलनेचा गट का लागतो, याचं दुसरं कारण उलट दिशेचं आहे. तीच परीक्षा माणसानं दुसऱ्यांदा दिली की गुण वाढतात. शब्दांची यादी ओळखीची होते, परीक्षकाची भीती जाते. ऑपरेशनच्या आधी एकदा आणि तीन महिन्यांनी पुन्हा चाचणी घेऊन ‘सुधारणा झाली’ असं सांगणारे कितीतरी निबंध सत्तर-ऐंशीच्या दशकांत आले; त्यातला मोठा भाग हा निव्वळ सरावाचा गुण होता. हृदयाच्या बायपासच्या बाबतीत याच्या बरोबर उलटा भ्रम झाला. २००१मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठानं छापलं की बायपासनंतर पाच वर्षांनी ४२ टक्के पेशंटांची बुद्धी घसरलेली आहे. हार्ट-लंग मशीनवर खापर फुटलं, लोक घाबरले. नंतर बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधल्या संशोधकांनी ऑपरेशन न झालेल्या हृदयरोग्यांशी तुलना केली, तर त्यांचीही घसरण जवळपास तेवढीच. दोष मशीनचा नव्हता, वर्षानुवर्षं आतून खराब होत गेलेल्या रक्तवाहिन्यांचा होता.

मानेत तारेनं स्टेंट सरकवणं हा पुढचा टप्पा. चीर नाही, एक-दोन दिवसांत घरी. २०१०मध्ये एका मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीतल्या पेशंटांचा आधी आणि नंतर एमआरआय काढला, तेव्हा स्टेंटवाल्यांतल्या निम्म्यांच्या मेंदूत नवे बारीक डाग दिसले. एंडार्टरेक्टमीवाल्यांत १७ टक्क्यांच्या. गंमत अशी की बुद्धीच्या चाचण्यांत दोन गटांत म्हणावा तसा फरक पडला नाही. एमआरआयवरचा डाग आणि माणसाचं विसरणं यांचं नातं आपण समजतो तितकं सरळ नाही.

पण हे सगळं मानेतला कचरा काढण्याबद्दल झालं. फिशरच्या दुसऱ्या अंदाजाची खरी परीक्षा घ्यायची तर असे पेशंट हवेत ज्यांच्यात प्रश्न कणांचा नाही, निखळ रक्ताच्या टंचाईचा आहे. कॅरोटिड शंभर टक्के बंद. सोलायला काही उरलेलंच नाही. वळसा घालणं, म्हणजे मेंदूचा बायपास, एवढाच उपाय.

तो वळसा शक्य केला गाझी याशारगिल यांनी. तुर्कस्तानात जन्मलेले, झ्युरिकमध्ये काम करणारे हे सर्जन १९६५मध्ये अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात बर्लिंग्टनला गेले, तिथे डोनाघी यांच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली जनावरांच्या बारीक रक्तवाहिन्या जोडायला शिकले, आणि ऑक्टोबर १९६७मध्ये झ्युरिकला त्यांनी पहिल्यांदा माणसावर ते केलं. कानापुढे बोट ठेवलं की जी धमनी उडताना लागते, ती सोडवून घ्यायची. कवटीला भोक पाडून आत न्यायची. आणि मेंदूच्या पृष्ठावरच्या मिलिमीटरभर रुंदीच्या धमनीला, डोळ्यांना धड दिसतही नाही अशा धाग्यानं, दहा-बारा टाक्यांत जोडायची. सगळा वेळ ती मेंदूची धमनी बंद ठेवलेली असते, त्यामुळे हात थरथरून चालत नाही. नवे सर्जन आजही हा हात कोंबडीच्या पंखातल्या धमनीवर बसवतात.

इतकं सुंदर ऑपरेशन निरुपयोगी असेल असं कुणालाच वाटलं नाही. जगभर हजारो झाली. मग १९८५ साली, पुन्हा तेच बार्नेट: १,३७७ पेशंट, सरासरी साडेचार वर्षांहून जास्त पाठपुरावा, आणि पक्षाघात टाळण्यात फायदा शून्य. सर्जन खवळले. म्हणाले, तुम्ही सरसकट सगळ्यांना घेतलं, ज्यांना खरी टंचाई होती ते निवडलेच नाहीत.

आक्षेपात तथ्य होतं. टंचाई मोजायची कशी, हे तोवर कळत नव्हतं. पुढे पेट स्कॅननं ते जमलं. रक्त कमी पडलं की मेंदू आलेल्या रक्तातून नेहमीपेक्षा जास्त प्राणवायू ओढून घेतो. हे ओढणं मोजायचं. त्यासाठी लागणारा किरणोत्सारी प्राणवायू दोन मिनिटांत निम्मा होतो, म्हणजे तो बनवणारं सायक्लोट्रॉन त्याच इमारतीत हवं. विल्यम पॉवर्स यांच्या चाचणीत अशा काटेकोर पद्धतीनं निवडलेले १९५ पेशंट घेतले. २०११मध्ये निकाल: दोन वर्षांत पक्षाघात किंवा ऑपरेशनजवळचा मृत्यू, बायपास गटात २१ टक्के, औषध गटात २२.७. बायपास बहुतेकांचे छान चालू होते, प्राणवायूचं ओढणं सुधारलंही होतं. पण पहिल्या तीस दिवसांतच ऑपरेशनवाल्यांतल्या १४.४ टक्क्यांना पक्षाघात झाला होता, औषधवाल्यांतल्या २ टक्क्यांना. जे नंतर कमावलं ते आधीच खर्च झालेलं.

आणि आता आपल्या प्रश्नाचं उत्तर. याच चाचणीला जोडून कोलंबियाचे रँडॉल्फ मार्शल आणि रोनाल्ड लेझर यांनी बुद्धीची चाचणी आखली. त्यांना आधी आशादायक धागा सापडला होता: ज्यांना फक्त तात्पुरते झटके आले होते आणि एमआरआयवर मोठी इजा नव्हती, त्यांच्यात टंचाई जितकी जास्त, तितके बुद्धीचे गुण कमी. मग टंचाई दूर केली तर गुण वाढायलाच हवेत. ४१ जणांना चिठ्ठीनं विभागलं. चौदा प्रकारच्या चाचण्या, दोन वर्षं. गळती होत होत, पक्षाघात आणि मृत्यू वगळून, शेवटी तुलनेला उरले २९: तेरा ऑपरेशनचे, सोळा औषधांचे. २०१४मध्ये निकाल छापला. वय, शिक्षण, नैराश्य यांचा हिशेब धरून दोन गटांत फरक शून्य. ‘थोडासा, पण सिद्ध न झालेला’ असाही नाही. जवळजवळ तंतोतंत शून्य.

२९ माणसं म्हणजे काही फार नव्हेत, हे कुणीही म्हणेल आणि बरोबर म्हणेल. पण इतकी नेमकी निवड, इतकं महाग मोजमाप पुन्हा कोण करणार? पुढे चीनमध्ये ३२४ पेशंटांवर बायपासची आणखी एक चाचणी झाली, अनुभवी हातांनी, बरीच कमी गुंतागुंत होऊन. २०२३मध्ये तिचाही निकाल तोच आला: पक्षाघातात सिद्ध होईल असा फरक नाही.

असं का व्हावं? घरातल्या नळाचं चित्र इथे दगा देतं. नळ तुंबला, साफ केला, पाणी आलं, संपलं. घर तसंच्या तसं असतं. मेंदू वर्षानुवर्षं टंचाईत राहतो तेव्हा आतलं घरच बदलत जातं. बारीक वाहिन्यांच्या भिंती जाड होतात, पेशींना जोडणारे पांढरे तंतू झिजतात, सूक्ष्म डाग पडतात. १९७४मध्ये हाचिन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलं की रक्तवाहिन्यांमुळे येणारा बुद्धिभ्रंश हा हळूहळू गळा आवळल्यासारखा नसतो, तो अनेक लहानमोठ्या पक्षाघातांच्या बेरजेतून येतो. मेलेला भाग रक्त देऊन उठत नाही. शिवाय जो मेंदू टंचाईतही तग धरून राहिलाय, त्यानं बहुधा आपापल्या पर्यायी वाटा काढलेल्याच असतात, आणि नवी वाट देऊन त्यात फारशी भर पडत नाही. त्यात ज्येष्ठांच्या विसरण्यामागे अल्झायमरही बऱ्याचदा असतोच. मानेतला ब्लॉक फक्त शेजारी सापडलेला असतो.

याला एक मोठा अपवाद आहे, आणि तो मुलांचा आहे.

मोयामोया हा आजार जपानमध्ये जास्त आढळतो, आपल्याकडेही आढळतो. मेंदूच्या तळाशी कॅरोटिडची टोकं हळूहळू बंद होत जातात आणि रक्त पोचवण्यासाठी तिथे केसासारख्या वाहिन्यांचं जाळं माजतं. अँजिओग्राफीत ते धुराच्या लोटासारखं दिसतं. १९६९मध्ये सुझुकी आणि ताकाकू यांनी त्यावरूनच हे नाव दिलं. या मुलांना झटके येतात ते विचित्र प्रसंगी. भोकाड पसरून रडल्यावर. गरम नूडल्स फुंकून फुंकून खाताना. शाळेत माउथ ऑर्गन वाजवताना. जोरजोरात श्वास सोडला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, तो उतरला की मेंदूच्या वाहिन्या आकसतात, आणि आधीच काठावर असलेला मेंदू काठाखाली जातो. मुलाचा हात काही मिनिटं लुळा पडतो, मग ठीक होतो. आईबापांना वाटतं, हट्टीपणा.

या मुलांवर नुसतं टाके घालून बायपास करतात असं नाही. डोक्याच्या त्वचेतली धमनी न कापता मेंदूच्या पृष्ठभागावर नुसती टेकवून ठेवायची, कवटी बंद करायची, आणि वाट पाहायची. भुकेला मेंदू काही महिन्यांत तिच्यातून स्वतःच नव्या वाहिन्या ओढून घेतो. जपानी सर्जन मात्सुशिमा यांनी सत्तरच्या दशकाच्या अखेरीस ही पद्धत सुरू केली. उपचार न झालेल्या मुलांचा बुद्ध्यंक वर्षागणिक घसरत जातो आणि वेळीच ऑपरेशन झालं तर तो टिकतो, असं तिथल्या डॉक्टरांचं अनेक वर्षांचं निरीक्षण आहे. चिठ्ठ्या टाकून केलेली चाचणी इथे नाही, आणि मुलांच्या बाबतीत ती कुणी करेल असंही वाटत नाही. तरी कारण समजण्यासारखं आहे: इथे टंचाई खरी आहे, मेंदू अजून मोडलेला नाही, आणि मूल वाढत्या वयात आहे. गेलेलं परत आणणं आणि असलेलं राखणं यांत फार मोठा फरक आहे. मोठ्या माणसाच्या मोयामोयावर बायपास केला की तिसऱ्या-चौथ्या दिवशी काहींचं बोलणं अडखळतं, डाव्या बाजूला ऑपरेशन असेल तर जास्तच. घरच्यांना पक्षाघात झाल्यासारखं वाटतं. बहुतेकदा ती रक्ताच्या लोंढ्याची करामत असते आणि आठ-पंधरा दिवसांत ओसरते. हे आधी सांगून ठेवलेलं बरं असतं. बहुतेकदा सांगितलेलं नसतं.

दुसरा अपवाद तासांचा. ताज्या पक्षाघातात जांघेतून तार नेऊन मेंदूतली गुठळी ओढून काढण्याचं तंत्र २०१५पासून सिद्ध झालंय, आणि स्पेनमधल्या चाचणीत अशा पेशंटांची लक्ष आणि वेगाची परीक्षाही नुसत्या औषधांवरच्या पेशंटांपेक्षा चांगली निघाली. इथे मेंदू मरतो आहे आणि आपण मध्ये पडतो आहोत. तोंड वाकडं झालं की ‘सकाळपर्यंत बघू’ म्हणणाऱ्या घरांनी हे ध्यानात घ्यावं.

मग डॉप्लरमध्ये ब्लॉक सापडलेल्या, झटका कधीच न आलेल्या माणसाचं काय? अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत अशा ७८६ जणांची बुद्धी उपचाराआधी तपासली, तर त्यांची स्मरणशक्ती त्यांच्यासारख्याच इतर माणसांपेक्षा खरोखरच थोडी कमी निघाली. म्हणजे फॅमिली डॉक्टर पूर्ण चुकीचे नसतात. या चाचणीचे पक्षाघाताबाबतचे निकाल २०२५च्या अखेरीस आले: चार वर्षांत स्टेंटवाल्यांत २.८ टक्के घटना, त्यांच्या तुलनेतल्या औषधवाल्यांत ६ टक्के, एंडार्टरेक्टमीत ३.७ विरुद्ध ५.३, पण हा दुसरा फरक सिद्ध होण्याइतका नाही. दोन्ही बाजूंचे आकडे लहान आहेत, कारण औषधं आता फार सुधारली आहेत. शिवाय आपल्याकडे मानेपेक्षा डोक्याच्या आतल्या धमन्या अरुंद होण्याचं प्रमाण पाश्चात्त्यांहून जास्त, आणि तिथे स्टेंट घालण्याची अमेरिकेतली चाचणी २०११मध्ये थांबवावी लागली होती: महिन्याभरात पक्षाघात किंवा मृत्यू स्टेंट गटात १४.७ टक्के, औषध गटात ५.८. ‘स्मरणशक्ती सुधारण्यासाठी’ कुणी मानेतलं किंवा डोक्यातलं ऑपरेशन सुचवलं तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यावं, हे मी विनासंकोच लिहीन. पक्षाघात टाळण्यासाठी सुचवलं तर ती वेगळी गोष्ट, आणि ती गंभीरपणे ऐकावी.

एक व्यावहारिक अडचण राहते. बुद्धी मोजायची कशी? इंग्रजी चाचण्यांत आकडा-अक्षर-आकडा-अक्षर अशी रेघ जोडत जायची परीक्षा असते. आपल्याकडच्या किती सत्तरीच्या बायकांना अ-आ-इ-ई क्रमानं पटकन म्हणता येईल? म्हणून अक्षरांच्या जागी रंग वापरणारी चाचणी निघाली. हरियाणातल्या बल्लभगढमध्ये निरक्षर वृद्धांसाठी नव्वदच्या दशकात एक हिंदी चाचणी बनवली गेली, तिच्यातले बदल वाचण्यासारखे आहेत: शंभरातून सात-सात वजा करण्याऐवजी वीसमधून तीन-तीन, वाक्य लिहिण्याऐवजी ‘तुमच्या घराबद्दल काहीतरी सांगा’, ‘डोळे मिटा’ असं वाचून करण्याऐवजी ‘मी करतो तसं करा’. ही कल्पकता पुस्तकातून येत नाही, ओसरीवर बसून येते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं पुढे बुद्धीच्या चाचण्यांचा एक संच भारतीय भाषांसाठी बसवला. त्याच्या पहिल्या पाच भाषा होत्या हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम. मराठी नव्हती.

त्यामुळे आपल्याकडे कॅरोटिडच्या ऑपरेशनला निघालेल्या माणसाच्या फायलीत काय काय असतं ते बघा: डॉप्लर, अँजिओग्राफी, इको, साखर, क्रिएटिनिन, भूलतज्ज्ञांची सही. पंधरा मिनिटांची साधी बुद्धीची चाचणी क्वचितच. ऑपरेशनच्या आधीच्या आठवड्यात ती मागून घ्यावी, आणि शक्य असेल तर घरातल्या एखाद्या माणसानं चार ओळी लिहून ठेवाव्यात: सध्या काय जमतं, काय अडतं, पैशांचे व्यवहार कोण बघतं, औषधं स्वतः घेतात का. तीन महिन्यांनी ‘बाबा बदललेत’ किंवा ‘बाबा सुधारलेत’ असं म्हणायची वेळ आली, तर दोन्हीपैकी काहीही खरं आहे का हे ठरवायला त्या कागदाशिवाय डॉक्टरांकडे काहीच नसतं.